सेवाभावी क्लबचा निधिसंकलन कार्यक्रम: पहिल्या ठरावापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

सेवाभावी क्लबमध्ये नव्याने आलेल्या सदस्यांवर पहिल्या वर्षभरातच कधीतरी निधिसंकलनाच्या कार्यक्रमाची जबाबदारी येते. उत्साह भरपूर असतो, पण सुरुवात कोठून करावी हे कोणी नीट सांगितलेले नसते. मग सभागृह, कलाकार, सजावट आणि पाहुणे यांवर पहिल्या बैठकीतच तास-दोन तास चर्चा होते, आणि हे पैसे नेमके कशासाठी व किती हवेत हा प्रश्न मागे राहतो. हा लेख त्या प्रश्नापासूनच सुरू होतो, कारण निधिसंकलनाचे यश सभागृह किती भरले यावरून ठरत नाही. सर्व खर्च वजा जाऊन ठरलेल्या सेवाकार्यापर्यंत किती रक्कम पोहोचली आणि देणारे लोक पुढच्या वेळी पुन्हा देण्यास तयार आहेत का, या दोन गोष्टींवरून ते ठरते.

पहिली पायरी: काम आणि रक्कम निश्चित करणे

कोणत्याही कार्यक्रमाचा विचार करण्यापूर्वी कार्यकारिणीने एक लेखी ठराव करावा. ज्या कामासाठी निधी हवा ते काम, त्यासाठी लागणारी रक्कम, ती किती तारखेपर्यंत हवी ती मुदत आणि रक्कम कमी किंवा जास्त जमल्यास काय करायचे, या चार गोष्टी त्या ठरावात असाव्यात. ‘समाजकार्यासाठी मदत’ असे मोघम आवाहन केले तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. ‘वाचनालयासाठी चाळीस खुर्च्या आणि दहा टेबले’ असे सांगितले की आपल्या रकमेतून काय होणार हे त्याला लगेच कळते. जास्त जमलेल्या रकमेविषयीचा निर्णय आधी घेणे अनावश्यक वाटू शकते. मात्र एका कामासाठी म्हणून घेतलेला पैसा नंतर दुसरीकडे वळवावा लागला तर तो देणाऱ्यांच्या संमतीचा प्रश्न होतो. आवाहनातच ‘अधिक रक्कम जमल्यास ती अमुक कामासाठी वापरली जाईल’ असे एक वाक्य घातले की तो प्रश्न उद्भवत नाही.

याच टप्प्यावर क्लबचे स्वतःचे पैसे आणि लोकांचे पैसे यांच्यातील सीमारेषा समजून घ्यावी. सदस्यांच्या वर्गणीतून क्लबचा कारभार चालतो आणि लोकांकडून जमवलेला निधी लोकांच्या कामासाठीच जातो, ही सेवाभावी क्लबांची जुनी शिस्त आहे. 1917 मध्ये स्थापन झालेल्या लायन्स क्लबच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये तर प्रशासकीय निधी आणि सेवाकार्याचा निधी वेगवेगळा ठेवण्याची स्पष्ट अपेक्षा आहे. उपक्रमाचा थेट खर्च जमलेल्या रकमेतून वजा करता येतो, पण क्लबच्या दैनंदिन कारभारासाठी ती रक्कम वापरता येत नाही. आपला क्लब कोणत्याही मोठ्या संघटनेशी जोडलेला नसला तरी हीच पद्धत स्वीकारावी आणि शक्य असेल तर सेवानिधीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे.

दुसरी पायरी: कायदेशीर बाजू आधी पाहणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती शेवटी ढकलली जाते. ती पुढे आणण्याचे कारण इतिहासात आहे. 1 ऑगस्ट 1971 रोजी जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन मैफली घडवून आणल्या. तिकीटविक्रीतून आलेले सुमारे 2,43,000 डॉलर युनिसेफकडे लवकर पोहोचले. मात्र करसवलतीची कायदेशीर व्यवस्था आधी झालेली नसल्यामुळे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेली त्याहून पुष्कळ मोठी रक्कम अमेरिकेच्या करविभागाच्या प्रक्रियेत अनेक वर्षे अडकून पडली. हेतू निर्मळ होता आणि प्रतिसादही विलक्षण होता, तरीही कागदपत्रांअभावी मदतीला उशीर झाला.

म्हणून तारीख जाहीर करण्यापूर्वी काही गोष्टींची खातरजमा करावी. क्लबची नोंदणी चालू आहे का, लोकांकडून निधी गोळा करण्यासाठी वेगळी परवानगी लागते का, देणगीदाराला करसवलतीची पावती देण्याचा अधिकार क्लबला आहे का, आणि नसेल तर असा अधिकार असलेल्या एखाद्या संस्थेसोबत कार्यक्रम करता येईल का, हे जाणकार लेखापालाला विचारावे. बक्षिसांची सोडत काढायची असेल तर विशेष काळजी घ्यावी. पैसे घेऊन तिकीट देणे आणि नशिबावर बक्षीस ठरवणे हा व्यवहार अनेक देशांत लॉटरी किंवा जुगाराच्या कायद्याखाली येतो आणि सेवाभावी संस्थेलाही त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. काही ठिकाणी त्याला पूर्ण बंदीही असते. संगीत वाजवण्याचे हक्क, ध्वनिक्षेपकाची परवानगी, अग्निसुरक्षा आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा (कार्यक्रमात कोणाला इजा किंवा नुकसान झाल्यास भरपाईसाठीचा) यांचीही चौकशी याच आठवड्यात पूर्ण करावी.

करसवलतीबाबत एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. प्रवेशिकेच्या बदल्यात भोजन, करमणूक किंवा वस्तू मिळत असेल, तर बऱ्याच करकायद्यांनुसार पूर्ण किंमत देणगी मानली जात नाही. मिळालेल्या लाभाची किंमत वजा करून उरलेला भागच देणगी ठरतो. पावतीवर हा फरक स्वच्छ दाखवावा, कारण चुकीच्या पावतीचा त्रास शेवटी देणाऱ्याला होतो.

तिसरी पायरी: कार्यक्रमाचा प्रकार निवडणे

प्रकार निवडताना आपल्याला काय आवडते यापेक्षा आपल्याजवळ काय आहे ते पाहावे. हातात मनुष्यबळ भरपूर आणि पैसा कमी असेल तर प्रायोजित पदयात्रा, जुन्या वस्तूंची विक्री, श्रमदानाच्या बदल्यात देणगी असे उपक्रम चांगले, कारण त्यांत आधी गुंतवावी लागणारी रक्कम अल्प असते. ओळखी मोठ्या असतील आणि सदस्यसंख्या लहान असेल तर निमंत्रितांचे स्नेहभोजन किंवा भेट मिळालेल्या वस्तूंचा लिलाव अधिक फलदायी ठरतो. एखाद्या सदस्याचा कलाक्षेत्राशी जवळचा संबंध असेल तरच मैफल किंवा नाट्यप्रयोग हाती घ्यावा. नव्या क्लबने पहिल्याच वर्षी मोठा रंगमंचीय कार्यक्रम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे: खर्चाचा मोठा भाग कार्यक्रमापूर्वीच द्यावा लागतो आणि तिकिटे खपली नाहीत तर तोटा सेवानिधीवर येतो.

प्रायोजित पदयात्रेचा येथे थोडा अधिक विचार करण्यासारखा आहे. तिच्यात प्रत्येक सहभागी व्यक्ती आपल्या नातेवाइकांकडून आणि परिचितांकडून दर किलोमीटरमागे किंवा एकरकमी देणगी घेते. त्यामुळे पन्नास जण चालले तरी आवाहन पाचशे घरांपर्यंत जाते, आणि ते अनोळखी संस्थेकडून न जाता ओळखीच्या माणसाकडून जाते. 2014 मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याचे जे आव्हान जगभर पसरले त्याचे बळही यातच होते. प्रत्येक जण आपल्या ओळखीच्यांना नावाने बोलावत होता, आणि त्यातून एएलएस या मज्जासंस्थेच्या गंभीर आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. अशी लाट ठरवून आणता येत नाही, परंतु ओळखीच्या माणसाने प्रत्यक्ष विचारणे हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा परिणामकारक असते, एवढे त्यातून नक्की घेता येते.

प्रकार ठरवताना स्वयंसेवकांच्या तासांचाही हिशेब करावा. तीस जणांनी तीन महिने राबून जेवढी निव्वळ रक्कम उभी राहिली, तेवढी त्याच तीस जणांनी प्रत्येकी चार घरी जाऊन देणगी मागितली असती तर मिळाली असती का, हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा. कधी उत्तर ‘हो’ असते. तेव्हाही कार्यक्रम करावासा वाटला, तर नवे सदस्य जोडणे किंवा कामाची ओळख करून देणे हा त्याचा हेतू आहे हे स्पष्ट लिहून ठेवावे, म्हणजे अपेक्षाही त्याप्रमाणे राहतात.

चौथी पायरी: अंदाजपत्रक

सगळ्या लेखात एकच पायरी काळजीपूर्वक वाचायची असेल तर ती ही. खर्चाचे दोन भाग करावेत. लोक कितीही आले तरी न बदलणारा खर्च, म्हणजे जागेचे भाडे, ध्वनियंत्रणा, परवाने, विमा, छपाई, हा स्थिर खर्च. आणि माणसागणिक वाढणारा खर्च, म्हणजे भोजन, भेटवस्तू, आसनव्यवस्था, हा बदलता खर्च. प्रवेशिकेच्या किमतीतून दरडोई बदलता खर्च वजा केला की प्रत्येक माणसामागे हाती किती उरते ते कळते. स्थिर खर्चाला त्या आकड्याने भागले की किमान किती माणसे आली म्हणजे तोटा होणार नाही, तो आकडा मिळतो.

उदाहरणादाखल, कोणत्याही चलनात, स्थिर खर्च 60,000 धरू, प्रवेशिका 500 आणि दरडोई खर्च 200. प्रत्येक माणसामागे 300 उरतात, म्हणजे 200 माणसे येईपर्यंत क्लबच्या हाती काहीच लागत नाही. सेवाकार्यासाठी 90,000 हवे असतील तर 1,50,000 भागिले 300, म्हणजे 500 माणसे लागतील. आता हाच स्थिर खर्च प्रायोजकांनी उचलला असे समजा: 90,000 भागिले 300, म्हणजे 300 माणसांत उद्दिष्ट पूर्ण होते. प्रायोजक आधी आणि प्रवेशिका नंतर, असा क्रम अनुभवी क्लब का पाळतात याचे उत्तर या भागाकारात आहे. शिवाय कार्यक्रमाचा खर्च प्रायोजकांनी दिलेला असल्यामुळे ‘तुमच्या प्रवेशिकेतून जेवणाखेरीज कोठेही खर्च होत नाही’ असे लोकांना खरेपणाने सांगता येते.

अंदाजपत्रकात उत्पन्न कमी आणि खर्च जास्त धरावा. अनपेक्षित खर्चासाठी एकूण खर्चाच्या दहा टक्के वेगळे ठेवावेत. फुकट मिळालेल्या वस्तू आणि सेवांचीही बाजारभावाने नोंद करावी, कारण पुढच्या वर्षी त्या फुकट मिळतीलच असे नाही आणि तेव्हा खरा खर्च किती हे माहीत असणे आवश्यक असते. कार्यक्रमापूर्वी साधारण सहा आठवड्यांची एक तारीख निर्णयासाठी राखून ठेवावी: त्या दिवसापर्यंत अमुक इतके प्रायोजक किंवा इतक्या प्रवेशिका झाल्या नाहीत तर कार्यक्रम लहान करायचा किंवा रद्द करायचा, हे आधीच ठरलेले असावे. जागेच्या करारातील रद्द करण्याच्या अटी या तारखेशी जुळतात का, तेही तपासावे. ऐनवेळी अशा निर्णयात भावना गुंततात. आकडा आणि तारीख आधी लिहिलेली असली तर कोणावर दोष येत नाही.

पाचवी पायरी: माणसे आणि वेळापत्रक

मध्यम आकाराच्या कार्यक्रमाला चार ते सहा महिने लागतात. कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजत यावे आणि प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहावे. ‘सर्वांनी मिळून’ असे लिहिलेले काम बहुधा कोणीच करत नाही. एक प्रमुख समन्वयक, निधी आणि हिशेब पाहणारी व्यक्ती, प्रायोजकांशी बोलणारी, प्रवेशिका सांभाळणारी, जागा व व्यवस्था पाहणारी आणि प्रसिद्धी करणारी, एवढ्या जबाबदाऱ्या पुरेशा आहेत. समन्वयकाने स्वतःकडे दुसरे कोणतेही काम ठेवू नये. प्रत्येक जबाबदारीला एक सहायक द्यावा आणि तो शक्यतो नवा सदस्य असावा, म्हणजे पुढच्या वर्षी काम जाणणारा माणूस तयार असतो.

तारीख ठरवताना परीक्षा, सण, मोठे सामने आणि त्याच गटातील दुसऱ्या संस्थांचे कार्यक्रम पाहून घ्यावेत. कार्यक्रम उघड्यावर असेल तर पावसाची पर्यायी व्यवस्था आवाहनातच जाहीर करावी.

सहावी पायरी: मागणे

पुष्कळ नव्या सदस्यांना पैसे मागण्याचा संकोच वाटतो. तो स्वाभाविक आहे, पण आपण स्वतःसाठी मागत नाही हे मनात पक्के असले की आवाज आपोआप स्थिर होतो. सुरुवात क्लबमधून करावी. प्रत्येक सदस्याने, अगदी लहान का होईना, आपली देणगी आधी द्यावी. ‘आमच्या सर्व सदस्यांनी दिले आहे’ या वाक्याचे वजन बाहेर गेल्यावर कळते.

उद्दिष्ट एकसारख्या देणग्यांनी क्वचितच पूर्ण होते. एक लाखाचे उद्दिष्ट असेल तर वीस हजारांची एक, दहा हजारांच्या दोन, पाच हजारांच्या चार, एक हजाराच्या वीस आणि दोनशेच्या शंभर, अशी उतरंड मांडून पाहावी. प्रत्येक पातळीवर वीस हजार येतात, पण वरच्या तीन पातळ्यांना मिळून सातच देणगीदार लागतात. प्रत्येक मोठ्या देणगीसाठी किमान तीन-चार संभाव्य नावे यादीत असावीत, कारण सगळे होकार देत नाहीत. या नावांकडे पत्र किंवा संदेश पाठवून थांबू नये. दोन सदस्यांनी वेळ घेऊन भेटावे, काम थोडक्यात सांगावे, नेमकी रक्कम मागावी आणि मग गप्प राहून समोरच्याला विचार करू द्यावा. बोलण्याच्या भरात आपणच ‘जमेल तेवढे द्या’ असे म्हणून रक्कम कमी करून घेण्याची सवय फार आढळते; ती कटाक्षाने टाळावी.

प्रायोजकांना मात्र वेगळ्या भाषेत भेटावे लागते. दुकानदार किंवा उद्योजक देणगीइतकाच आपल्या नावाच्या प्रसिद्धीचाही विचार करत असतो. त्याला कोणती जागा, किती मोठे नाव आणि किती लोकांपुढे मिळेल हे एका पानावर लिहून द्यावे. दिलेले प्रत्येक आश्वासन पाळावे, आणि सेवाकार्याच्या हेतूशी विसंगत असलेल्या व्यवसायाकडून प्रायोजकत्व घ्यायचे की नाही यावर कार्यकारिणीने आधीच निर्णय करावा.

लहान देणग्यांना कमी लेखू नये. 1885 मध्ये न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे वचन दिले. मार्च ते ऑगस्ट एवढ्या काळात एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणाऱ्यांची संख्या सुमारे 1,20,000 होती आणि त्यांतील बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी दिले होते. नावाची नोंद आणि कृतज्ञता हा प्रत्येक देणाऱ्याचा हक्क आहे. ज्यांना नाव नको असेल त्यांचे नाव अर्थातच छापू नये आणि तशी विचारणा पावती देतानाच करावी.

सातवी पायरी: कार्यक्रमाचा दिवस

व्यवस्थेची यादी प्रत्येक क्लबची वेगळी असते, म्हणून तिच्यात शिरत नाही. प्रथमोपचार, बाहेर पडण्याचे मोकळे मार्ग, ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींसाठी सोय, आणि स्वयंसेवकांना चार तासांहून मोठी पाळी नसणे, एवढे पाहावे. व्यासपीठावरील भाषणे आटोपशीर ठेवावीत. ज्या कामासाठी निधी जमत आहे त्याची पाच मिनिटांची ओळख मात्र असावी, आणि ती शक्य असेल तर ते काम रोज करणाऱ्या व्यक्तीने करून द्यावी. लाभार्थींना, विशेषतः मुलांना आणि रुग्णांना, दयेचा विषय म्हणून मंचावर उभे करू नये.

पैशाच्या हाताळणीवर मात्र थांबायला हवे. प्रवेशिका आणि पावत्या अनुक्रमांकाच्या असाव्यात. कोणाला कोणते क्रमांक दिले, किती विकले आणि किती परत आले याचा तक्ता आधीपासून चालवावा. रोख रकमेच्या प्रत्येक ठिकाणी दोन व्यक्ती असाव्यात आणि त्या एकाच कुटुंबातील नसाव्यात. सुरुवातीला दिलेले सुटे पैसे लिहून ठेवावेत. आलेल्या रोख रकमेतून तिथल्या तिथे कोणाचेही बिल देऊ नये. खर्च वेगळ्या रकमेतून आणि बिलावरच करावा. दिवस संपल्यावर दोघांनी एकत्र मोजणी करावी, तक्त्यावर सह्या कराव्यात आणि रक्कम दुसऱ्याच दिवशी पूर्ण बँकेत भरावी. क्यूआर कोड ठेवायचा असेल तर तो क्लबच्या खात्याचाच असावा. सोयीसाठी म्हणून एखाद्या सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेणे कितीही विश्वासाचे वाटले तरी करू नये. या नियमांमागे कोणावरही संशय नसतो. उलट, उद्या कोणी प्रश्न विचारला तर प्रामाणिक स्वयंसेवकाला स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करत बसावे लागू नये, यासाठी ते आहेत.

आठवी पायरी: हिशेब, आभार आणि अहवाल

आभाराचे संदेश दोन दिवसांत आणि पावत्यांसह पत्रे आठवडाभरात जावीत. मोठ्या देणगीदारांना फोन करावा. स्वयंसेवकांचे आभारही नावानिशी मानावेत, कारण प्रायोजकांचे फलक सर्वांना दिसतात आणि सतरंज्या उचलणारे हात दिसत नाहीत.

हिशेब महिनाभरात पूर्ण करावा. एकूण जमा, एकूण खर्च आणि निव्वळ शिल्लक हे तीन आकडे एकत्रच जाहीर करावेत. केवळ एकूण जमेचा आकडा सांगणे दिशाभूल करणारे आहे. अंदाजपत्रकाच्या शेजारी प्रत्यक्ष आकडे मांडून जेथे मोठा फरक पडला तेथे कारण लिहावे. कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या सदस्याने किंवा लेखापालाने हिशेब तपासावा. काम पूर्ण झाल्यावर, मग ते सहा महिन्यांनी का असेना, देणाऱ्यांना पुन्हा एक पत्र पाठवावे: इतकी रक्कम आली, तिच्यातून हे झाले, हे त्याचे छायाचित्र. या पत्रात नवी मागणी नसावी. बहुतेक क्लब हे दुसरे पत्र पाठवत नाहीत, आणि पुढच्या वर्षी जुने देणगीदार का आले नाहीत याचा शोध घेताना ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

आठवणी ताज्या असताना, दोन आठवड्यांच्या आत, आढावा बैठक घ्यावी. अंदाजपत्रक, वेळापत्रक, परवान्यांच्या प्रती, पुरवठादारांचे दर, होकार आणि नकार दिलेल्या प्रायोजकांची यादी, तसेच प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे एका पानाचे टिपण एका धारिकेत लावावे. देणगीदारांचे संपर्क तपशील मात्र तिच्यात मोकळे ठेवू नयेत. ते सचिवांकडे सुरक्षित असावेत आणि ज्या कामासाठी दिले गेले त्याच कामासाठी वापरावेत. ही धारिका पुढील वर्षीच्या समन्वयकाचे नाव ठरताच त्याच बैठकीत त्याच्याकडे सोपवावी.